अमृतवेल (कादंबरी)

अमृतवेल ही वि. स. खांडेकर यांची १९६७ साली प्रसिद्ध झालेली मराठी कादंबरी आहे. नियोजित वराच्या अपघाती मृत्यूने खचलेली नंदा, तिची मैत्रीण वसुंधरा आणि बालपणीचा आघात उरी बाळगून जगणारा वसुंधरेचा पती देवदत्त या तीन व्यक्तींभोवती तिचे कथानक गुंफलेले आहे. प्रेमभंग किंवा प्रियजनाचा वियोग सोसलेल्या माणसाने पुढे कसे जगावे, हा या कादंबरीतील मध्यवर्ती प्रश्न आहे. स्वतःपुरते उरलेले प्रेम माणसाला कोमेजवते आणि दुसऱ्याच्या दुःखापर्यंत पोहोचलेले प्रेम त्याला सावरते, असे तिचे आशयसूत्र सांगता येईल.

खांडेकरांच्या कादंबऱ्यांत 'ययाती' (१९५९) सर्वाधिक गाजली. तिच्यानंतर आठ वर्षांनी आलेली 'अमृतवेल' ही त्यांच्या उत्तरायुष्यातील महत्त्वाची कादंबरी मानली जाते. नंदाच्या वडिलांनी तिला केलेल्या उपदेशाचा भाग मराठी वाचकांत विशेष लोकप्रिय आहे.

लेखक

विष्णू सखाराम खांडेकर (१८९८–१९७६) यांचा जन्म सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. वडील सांगली संस्थानात मुन्सफ होते. लहानपणीच पितृछत्र हरपल्याने कुटुंबाची घडी विस्कटली. १९१३ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर खांडेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पुढे ते सावंतवाडीकडील नातलगांच्या घरी दत्तक गेले आणि 'विष्णू सखाराम' हे नाव त्यांना मिळाले. महाविद्यालयीन शिक्षण मात्र अपुरे राहिले.

१९२० पासून १९३८ पर्यंत त्यांनी कोकणातील शिरोडे या गावी शिक्षक म्हणून काम केले. त्यानंतर चित्रपटकथालेखनाच्या निमित्ताने ते कोल्हापूरला आले आणि तेथेच स्थायिक झाले. १९४१ साली सोलापूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'ययाती'साठी १९६० साली साहित्य अकादमी पुरस्कार, १९६८ साली पद्मभूषण आणि १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला. ज्ञानपीठ मिळविणारे ते पहिले मराठी साहित्यिक होत. अखेरच्या काळात त्यांची दृष्टी गेली होती. तरीही मजकूर सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेत त्यांनी लेखन चालू ठेवले. २ सप्टेंबर १९७६ रोजी सांगली जिल्ह्यातील मिरज येथे त्यांचे निधन झाले.

पितृवियोग, दत्तक जाण्यामुळे झालेली कौटुंबिक ताटातूट, अर्धवट सुटलेले शिक्षण आणि वारंवारची आजारपणे असा खांडेकरांचा जीवनक्रम आहे. 'अमृतवेल'मधील प्रसंग त्यांच्या चरित्राशी जुळवून पाहण्याचे कारण नाही. तथापि दुःखाला शब्दांनी झाकून टाकण्याऐवजी त्याच्याशी बोलत राहण्याची या कादंबरीतील वृत्ती समजून घेताना हा जीवनक्रम ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

शीर्षक

'अमृतवेल' हे नाव लोकव्यवहारात गुळवेलीसाठीही वापरले जाते. आयुर्वेदात गुळवेलीला 'गुडूची' आणि 'अमृता' अशी नावे आहेत. या वेलीचा तुकडा मुळापासून तुटला तरी आधाराच्या झाडावर तो दीर्घकाळ हिरवा राहतो, हवेत बारीक दोऱ्यांसारखी मुळे सोडतो आणि ती जमिनीला टेकली की पुन्हा रुजतो. दुसऱ्या झाडाचा रस शोषून जगणारी, जमिनीशी नाते नसलेली 'अमरवेल' ही वनस्पती निराळी आहे. नामसाम्यामुळे या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते.

कादंबरीत हा शब्द प्रीतीचे प्रतीक म्हणून येतो. आत्मप्रेमाच्या कुंपणात अडकलेली प्रीती विषारी बनते. ते कुंपण ओलांडून गेलेली प्रीती जीवनदायी ठरते, असा विचार त्यामागे आहे. गुळवेलीचा वनस्पतिधर्म ध्यानी घेतल्यास शीर्षकाला आणखी एक छटा प्राप्त होते: तुटल्यानंतरही खालच्या मातीचा शोध घेणे हे या वेलीचे वैशिष्ट्य आहे आणि नंदाच्या वाटचालीचे स्वरूपही तसेच आहे.

कथानक

नंदा ही सुशिक्षित, संवेदनशील तरुणी आहे. शेखरशी तिचा विवाह ठरलेला असतो. भावी संसाराची स्वप्ने रंगवीत असतानाच विमान-अपघातात शेखरचा मृत्यू झाल्याची वार्ता येते. या आघाताने नंदा कोसळते आणि जीवन संपवावे असा विचार तिच्या मनात बळावतो.

या अवस्थेत तिला आधार मिळतो तो वडिलांचा. ते तिला रागे भरत नाहीत आणि पोकळ सांत्वनही करीत नाहीत. दुःख होणे स्वाभाविक आहे, पण दुःखालाच घर करून त्यात राहणे हा मनुष्यधर्म नव्हे, अशी त्यांची भूमिका आहे. भंगलेल्या स्वप्नाकडे पाठ फिरवून नव्या स्वप्नाची वाट धरण्याचे सामर्थ्य माणसाच्या मनात असते, याची जाणीव ते मुलीला करून देतात.

पुढे नंदा तिच्या जुन्या मैत्रिणीची, वसुंधरेची, सोबतीण म्हणून विलासपूरला जाते. वसुंधरेच्या घरी वैभवाला तोटा नाही; परंतु पती देवदत्त आणि ती यांच्यात दुरावा पडलेला आहे. त्यांच्या लहानग्या मुलीला, मधुराला, या दुराव्याची झळ लागते. प्रारंभी नंदाला देवदत्ताचे दर्शन घडते ते वसुंधरेच्या भीतीतून आणि तक्रारीतून. हळूहळू तिला त्याची दुसरी बाजूही दिसू लागते. बुद्धिमान, रसिक आणि एकाकी असा हा पुरुष आपल्या जन्मघरातील एका जुन्या घटनेच्या सावलीतून बाहेर पडू शकलेला नाही. त्या घटनेने स्त्रीवरचा, विशेषतः मातेवरचा, त्याचा विश्वास पार ढासळवला आहे.

स्वतःची जखम घेऊन आलेली नंदा अशा रीतीने दुसऱ्या दोघांच्या जखमांची साक्षीदार बनते. मैत्री, सहानुभूती आणि आकर्षण यांच्या सीमारेषा तिला पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. तिच्या मनातील ही घालमेल आणि तिच्यातून घडत जाणारी तिची समज हा कथानकाचा मुख्य धागा आहे.

सातारा शहरालगत विलासपूर नावाची वसाहत आहे. कादंबरीतील विलासपुराला मात्र भौगोलिक ठिकाण म्हणून फारसे महत्त्व नाही. बाहेरून संपन्न आणि आतून उजाड अशा एका घराचे स्थळ म्हणूनच ते वाचकाच्या स्मरणात राहते.

प्रमुख पात्रे

नंदा – कादंबरीची नायिका. शेखरच्या मृत्यूने खचलेली, पण विचार करण्याची सवय न सोडलेली तरुणी.

शेखर – नंदाचा नियोजित वर. कथेत तो मुख्यतः आठवणींच्या रूपाने वावरतो.

नंदाचे वडील – मुलीच्या दुःखाचा आदर राखून तिला जीवनाकडे परत वळविणारे गृहस्थ.

वसुंधरा – नंदाची मैत्रीण आणि देवदत्ताची पत्नी. वैभवात राहूनही पतीच्या प्रेमाला पारखी झालेली स्त्री.

देवदत्त – बालपणीच्या आघातामुळे प्रेमावरील श्रद्धा गमावलेला, अस्थिर वृत्तीचा पुरुष.

मधुरा – वसुंधरा आणि देवदत्त यांची मुलगी.

आशय

तीन जखमा

कादंबरीत दुःखाचे तीन प्रकार शेजारी शेजारी मांडलेले आहेत. नंदाचे दुःख अचानक कोसळलेले आहे. त्यात तिचा दोष नाही आणि ज्याला दोष द्यावा असा कोणी माणूसही समोर नाही. अशा दुःखाला बाहेर वाट मिळत नाही, म्हणून ते आत वळते आणि आत्मनाशाच्या विचारापर्यंत जाते.

देवदत्ताचे दुःख जुने आहे. ते ज्या वयात त्याच्या वाट्याला आले त्या वयात त्याला ते शब्दांत सांगता आले नाही. न बोललेल्या दुःखाचे कटुतेत रूपांतर होते आणि ती कटुता घरातील निरपराध माणसांवर सांडत राहते. ज्यांनी त्याला दुखावले ती माणसे दूर आहेत. शिक्षा मात्र पत्नी आणि मुलगी भोगतात.

वसुंधरेचे दुःख चालू काळातले आहे. तिच्यावर कोसळलेली एखादी मोठी आपत्ती दाखवता येत नाही. रोजच्या उपेक्षेने ती झिजत जाते. लोकांच्या दृष्टीने ती सुखी आहे, त्यामुळे दुःख सांगण्याचा अधिकारही तिच्याजवळ उरलेला नाही. या तिघांना एका छपराखाली आणल्यामुळे जखमी माणूसच दुसऱ्याला जखमी करतो, हे सूत्र उपदेशाविना स्पष्ट होते.

विस्मरण आणि सावरणे

सर्वसाधारण प्रेमकथेत पहिल्या प्रेमाच्या जखमेवर दुसरे प्रेम हा उपाय असतो. नायिकेचा प्रियकर गेला की तिच्या जीवनात दुसरा पुरुष येतो आणि वाचकाला सुटल्यासारखे वाटते. 'अमृतवेल' हा सोपा मार्ग धरीत नाही. देवदत्त हा शेखरची जागा भरून काढण्यासाठी कथेत आलेला नाही. नंदा सावरू लागते ती शेखरला विसरल्यामुळे नव्हे, तर स्वतःच्या दुःखाबाहेर पाहण्याची शक्ती तिच्यात परत आल्यामुळे. वसुंधरेची भीती, मधुरेचे पोरकेपण आणि देवदत्ताची कटुता समजून घेण्यात तिचे मन गुंतते आणि याच गुंतण्यातून तिला पुन्हा जगण्याचा आधार लाभतो.

खांडेकरांनी प्रीतीची व्याप्ती स्त्री-पुरुष आकर्षणापुरती ठेवलेली नाही. वडिलांचे मुलीवरचे, मैत्रिणीचे मैत्रिणीवरचे, मोठ्या माणसाचे परक्या मुलावरचे, तसेच साहित्य आणि निसर्ग यांवरचे प्रेमही त्यांनी याच शब्दात सामावून घेतले आहे. त्यामुळे कादंबरीतील सर्वांत परिणामकारक प्रेमसंबंध प्रियकर-प्रेयसीचा ठरत नाही. तो पिता आणि कन्या यांचा ठरतो.

'ययाती'शी नाते

'ययाती'मध्ये खांडेकरांनी महाभारतातील उपाख्यान घेऊन अतृप्त वासनेचा प्रश्न मांडला होता. ययातीचे सुख स्वतःभोवतीच फिरते. म्हणून कितीही उपभोग घेतला तरी त्याला तृप्ती नाही. 'अमृतवेल'मध्ये हाच प्रश्न आधुनिक घरात आणि दुसऱ्या टोकाने येतो. येथे उपभोगाऐवजी शोकाचा अतिरेक आहे. सुख असो की दुःख, माणूस त्याच्या मध्यभागी स्वतःलाच बसवू लागला की दोन्ही सारखीच घातक होतात, असा या दोन कादंबऱ्यांना जोडणारा विचार आहे. 'ययाती'तील कचाचा संयम आणि 'अमृतवेल'मधील वडिलांचा विवेक यांचे कार्यही परस्परांशी मिळतेजुळते आहे.

रचना आणि भाषा

कादंबरीत बाह्य घटना मोजक्या आहेत. तिचा बराचसा भाग संवाद, आठवणी, पत्र आणि आत्मचिंतन यांनी व्यापलेला आहे. देवदत्ताचा भूतकाळ एकदम उघड न करता टप्प्याटप्प्याने पुढे आणल्यामुळे वाचकाची उत्कंठा टिकून राहते आणि नंदाप्रमाणेच वाचकालाही आपले पहिले मत बदलावे लागते.

खांडेकरांची शैली उपमा, रूपके आणि सुभाषितवजा वाक्ये यांनी नटलेली आहे. रूपककथा हा वाङ्मयप्रकार त्यांनी मराठीत रुजविला आणि खलील जिब्रानच्या लेखनाचा परिचयही मराठी वाचकांना करून दिला. विचार प्रतिमेतून सांगण्याची ती सवय येथेही दिसते. अनेक परिच्छेद कथेपासून वेगळे काढूनही वाचता येतात. पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी ते वहीत उतरवून घेतले आणि अलीकडे ते समाजमाध्यमांवरून फिरत असतात. मूळ कादंबरी न वाचलेल्या अनेकांनाही त्यांतील एखादे वाक्य ठाऊक असते.

मराठी कादंबरीच्या परंपरेत

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मराठी प्रणयकादंबरीवर ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर या दोन लेखकांचा प्रभाव होता. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या गाजलेल्या वादात फडके पहिल्या पक्षाचे आणि खांडेकर दुसऱ्या पक्षाचे प्रतिनिधी मानले गेले. फडक्यांच्या कादंबरीत प्रणयाचा मोहक खेळ आणि रचनेची सफाई यांना महत्त्व होते. खांडेकरांच्या कादंबरीत प्रणयाला सामाजिक किंवा नैतिक प्रश्नाची जोड असे. 'हृदयाची हाक' (१९३०), 'उल्का' (१९३४), 'दोन ध्रुव' (१९३४) आणि 'क्रौंचवध' (१९४२) या कादंबऱ्यांत ध्येयवाद, विषमता आणि राष्ट्रीय चळवळ यांचे पडसाद उमटलेले आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळातील 'अश्रू' (१९५४), 'ययाती' आणि 'अमृतवेल' या कादंबऱ्यांत हा भर समाजव्यवस्थेकडून व्यक्तीच्या अंतर्मनाकडे सरकलेला दिसतो. 'अमृतवेल' प्रसिद्ध झाली तोवर मराठीत नवकथा आणि नवकाव्य स्थिरावले होते. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आली होती आणि तिने कादंबरीच्या भाषेला निराळे वळण दिले होते. त्या वातावरणात खांडेकरांची शैली जुन्या वळणाची वाटणे स्वाभाविक होते. तरीही वाचकवर्गाने 'अमृतवेल'ला आपलेसे केले.

सांगली–सातारा परिसराचा संदर्भ

सह्याद्रीत महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा सातारा जिल्ह्यातून वाहत सांगलीस येते. पूर्वी या प्रदेशात ब्रिटिश अमलाखालील सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज, औंध यांसारखी संस्थाने परस्परांत गुंतलेली होती. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्याला 'सांगली' हे नाव मिळाले.

या परिसरातील दोन मोठ्या साहित्यिकांशी खांडेकरांचा निकटचा संबंध आला. आटपाडी भागातील ग. दि. माडगूळकर यांनी उमेदवारीच्या काळात कोल्हापुरात खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केले होते. वाटेगाव (तेव्हाचा सातारा, आताचा सांगली जिल्हा) येथे जन्मलेले अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' या कादंबरीला खांडेकरांची प्रस्तावना आहे.

अण्णा भाऊंनीही प्रेमकथा लिहिल्या. त्यांच्या 'वैजयंता' आणि 'अलगुज' या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. 'अलगुज'वरील चित्रपटाचे नाव 'अशी ही साताऱ्याची तऱ्हा' असे होते. कृष्णा-वारणेकाठच्या या दोन लेखकांची तुलना उद्बोधक आहे. अण्णा भाऊंच्या प्रेमिकांसमोरचे अडथळे बाहेरचे असतात. जात, दारिद्र्य, गावगुंडी आणि भावकी यांच्याशी त्यांना उघड झुंज द्यावी लागते. 'अमृतवेल'मधील माणसांना अन्नवस्त्राची चिंता नाही. त्यांचा शत्रू त्यांच्या स्मरणात दडलेला आहे. एकाच परिसरातून आलेल्या या दोन प्रकारच्या प्रेमकथांतून प्रेमाच्या आड येणाऱ्या गोष्टी माणसाच्या सामाजिक स्थानानुसार कशा बदलतात, हे दिसून येते.

मूल्यमापन

'अमृतवेल'चे गुणविशेष म्हणून तिच्यातील शोकाचे सहृदय चित्रण, पिता-कन्या नाते आणि देवदत्ताची गुंतागुंतीची व्यक्तिरेखा यांचा निर्देश करता येतो. आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलेल्या तरुणीला दुबळी किंवा दोषी न ठरवता तिचे म्हणणे ऐकून घेणारे कुटुंब या कादंबरीत आहे. १९६० च्या दशकातील कौटुंबिक कादंबरीच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षणीय आहे.

खांडेकरांच्या एकूण कादंबरीलेखनावर घेतले जाणारे आक्षेप 'अमृतवेल'लाही लागू पडतात. पात्रे पुष्कळदा लेखकाच्याच अलंकृत भाषेत बोलतात. त्यामुळे वडील, नंदा आणि देवदत्त यांच्या बोलण्यातील वेगळेपण कमी होते. चिंतनाचा भाग प्रसंगाला मागे सारतो. जीवनातील प्रश्नांना विचाराने उत्तर मिळतेच, हा आदर्शवादी विश्वास काही वाचकांना भाबडा वाटतो.

स्त्री-जीवनाच्या दृष्टीने पाहता आणखी एक प्रश्न उभा राहतो. देवदत्ताच्या वर्तनामागचे कारण कळले की वाचकाची सहानुभूती त्याच्याकडे वळते; परंतु त्या वर्तनाचे परिणाम सोसणारी वसुंधरा तुलनेने मागे पडते. पुरुषाच्या जुन्या जखमा समजून घेण्याची जबाबदारी घरातील स्त्रियांवरच का यावी, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कादंबरी देत नाही. दुःखाचे कारण समजणे आणि अन्याय क्षम्य ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजच्या वाचकाला कादंबरीचा हा भाग अधिक चिकित्सेने वाचावा लागतो.

या मर्यादा मान्य करूनही 'अमृतवेल'चे वाचन खंडित झालेले नाही. तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या आहेत. प्रेमकथा म्हणून हाती घेतलेली ही कादंबरी शोकातून सावरण्याची कथा म्हणून वाचकांच्या लक्षात राहते.

स्मृती

खांडेकरांच्या गौरवार्थ भारतीय टपाल खात्याने १९९८ साली, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, टपाल तिकीट काढले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे.

हेही पाहा

वि. स. खांडेकर
ययाती (कादंबरी)
ना. सी. फडके
अण्णा भाऊ साठे
फकिरा (कादंबरी)
गुळवेल